जाळीपुढचा जबाब

धाकट्याला नेलं ते भर सकाळी. दोघे भाऊ अंगणात हळदी रंगाचं थान पिळत होते. एक टोक थोरल्याच्या हातात, दुसरं धाकट्याच्या, मधून पिवळं पाणी धो धो गळतंय. तेवढ्यात दोन माणसं आली. साधे कपडे, साधे चेहरे, भाजी घेताना शेजारी उभी राहिली तर संध्याकाळपर्यंत विसरून जावीत अशी. त्यातला एक धाकट्याला म्हणाला, "हात पुसून घे."

बस, एवढंच. कुठे चल, कशाला चल, कुणी बोलावलंय, काही नाही. धाकट्याने कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि चालू लागला. ओलं थान धपकन मातीत पडलं.

आवाज ऐकून रंगारीणबाई कढई सोडून बाहेर आली. हातात ढवळायचा दांडा, डोळ्यांत धूर. तिला आधी दिसलं ते थान. "अरे मेणाच्या पुतळ्या! डोळे काय गहाण टाकलेस का? दिवसभराचं काम मातीत घातलंस!"

मेणाचा पुतळा म्हणजे थोरला. हे नाव तिनेच ठेवलेलं. तो जागचा हलला नाही. दोन्ही हातांची बोटं त्याने एकमेकांत अडकवली आणि आईला दाखवली.

त्या गावात ही खूण शेंबड्या पोरालाही कळायची. जाळी.

रंगारीणबाईच्या हातातला दांडा खाली आला. तिच्या जिभेला हाड नव्हतं म्हणतात, पण त्या घटकेला तिला जीभच नव्हती.

जाळी म्हणजे कचेरी. तिला मोठं लांबलचक नाव होतं, ते दारावरच्या पितळी पाटीवर कोरलेलं होतं, पण ते म्हणायला जाईल त्याची जीभ अडखळे. लोक आपले जाळी म्हणत. आत एक खोली, खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत लाकडी जाळी, जाळीमागे पडदा आणि पडद्यामागे न्याय करणारे. ते किती, कोण, म्हातारे की तरणे, कुणी पाहिलेलं नाही. ज्याला पकडलं त्याला का पकडलं ते सांगायचं नाही, हा त्यांचा पहिला कायदा. घरच्यांना एकेकटं बोलवायचं आणि विचारायचं, "तुमचा माणूस इथे का आहे, तुम्हाला ठाऊकच असेल. सांगा." हा दुसरा. गप्प बसलात तर गुन्हा कबूल, हा तिसरा. आणि आत काय झालं ते बाहेर सख्ख्या माणसापाशीही बोलायचं नाही, नाहीतर तुम्हीही आत, हा चौथा. ज्यांना स्वतःचं तोंड दाखवायची सोय नाही ते दुसऱ्याचं तोंड उघडायला बसलेले. असं कुणीतरी म्हणायला हवं होतं, पण म्हणणारा कुणी मागे उरला नव्हता.

पलीकडच्या गल्लीतल्या न्हाव्याची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. त्यालाही असंच नेलं. बायकोला बोलावलं. ती बिचारी भोळी, तिला वाटलं यांना सगळं माहीत आहे, आता हातापाया पडून सुटका करून घ्यावी. रडत म्हणाली, "एकदाच हो दाढी केली त्या पळालेल्या माणसाची! ओळखलं नव्हतं त्यांनी!" जाळीमागून उत्तर आलं, "लिहून घ्या." न्हाव्याला मुळात कशासाठी नेलं होतं ते आजतागायत कुणाला कळलं नाही, पण अडकला तो बायकोच्या तोंडून निघालेल्या त्या वाक्यात. परत आला नाही. हे बाहेर कसं फुटलं? बायको अर्धी वेडी झाली आणि विहिरीवर बसून तेवढंच एक वाक्य बोलायला लागली. मग तिलाही नेलं.

तर अशा ठिकाणी धाकटा गेला होता. आणि या घराच्या पोटात एक गोष्ट दडलेली होती.

छापखान्यात खिळे जुळवणारा एक जुळारी होता. एकच कोट वर्षानुवर्षं घालायचा, पिस्त्याच्या रंगाचा, म्हणून अख्खं गाव त्याला पिस्ता म्हणे. त्याने एक चिटोरं छापलं: जाळीत गेलेली माणसं जातात कुठे? एवढी एकच ओळ. सकाळी ते भिंतीभिंतीवर चिकटलेलं होतं आणि दुपारी पिस्ता रंगशाळेच्या मागच्या दारात उभा होता. जाळीची माणसं चेहरा शोधत नव्हती, तो कोट शोधत होती. आणि थंडी अशी की कोट टाकून माणूस वेशीपर्यंतही जगला नसता. रंगारीणबाईने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "या रंगात तू दहा वर्षं फिरलास, लाज नाही वाटली? काढ." मग धाकट्याला म्हणाली, "तपकिरी कर. गडद." धाकट्याने कोट कढईत घातला, थोरल्याने पिळला, सुनेने चुलीवर धरून सुकवला. तपकिरी कोटातला एक माणूस वेशीतून बाहेर पडला आणि पहाऱ्यावरच्या शिपायाने त्याला उलट विचारलं, "वाटेत कुठे पिस्ता दिसला का?" हे त्यानेच पुढे कुणाकडून तरी कळवलं. त्या दिवशी घरात सगळी पोट धरून हसली होती. 

धाकट्याला नेल्यावर दार लावून रंगारीणबाईने दोघांना समोर बसवलं. थोरला आणि धाकट्याची बायको. घरात होतं कोण आणखी? धाकट्याचं लग्न त्याने स्वतः जमवलं होतं. थोरल्याचं राहिलं, कारण सांगून आलेल्या प्रत्येक मुलीत आईने काहीतरी काढलं. एकीचं नाक, एकीचा बाप, एकीचं हसणं. थोरला कधी काही बोलला नाही. ते न बोलणंही तिला खुपायचं.

"ऐका," ती म्हणाली. "कोट आला नाही. कोट गेला नाही. आपल्याला पिस्ता ठाऊक नाही."

"सासूबाई, पिस्ता अख्ख्या गावाला ठाऊक आहे," सून म्हणाली.

"बरं, ठाऊक आहे. लांबून. तोंड वर करून शहाणपणा नको शिकवू."

"शिकवत नाही. आत असंच विचारतील. म्हणून म्हटलं."

रंगारीणबाईने सुनेकडे पाहिलं. पोरगी रडली नव्हती. डोळे कोरडे, ओठ पांढरे. धाकट्याने निवडली ती उगाच नाही, असं तिच्या मनात आलं, पण अशा गोष्टी मनातच बऱ्या.

"आणि तू रे?" ती थोरल्याकडे वळली. "तुला बोलावलं तर? ऊन लागलं की वितळतोस. तुला दरडावलं की तू आपणहून सगळं ओकणार, मी आताच सांगून ठेवते."

"नाही सांगणार," थोरला म्हणाला.

"नाही सांगणार! लहानपणी गूळ कुणी खाल्ला विचारलं तर विचारायच्या आधी रडायचास."

"तेव्हा मी लहान होतो, आई."

"आता मोठा झालास होय? मला कुणी सांगितलं नाही."

त्यानंतर काही दिवस तसेच गेले. शेजारी रस्ता बदलून जायला लागले. रोज सकाळी दारात येऊन अर्धा तास कुचाळक्या करणारी शिंपीण दारावरून अशी जायची जणू घराला ताप आलाय. थानं रंगवायला यायची थांबली. रंगारीणबाई तरी कढई पेटवून रिकामं पाणी उकळत बसायची, कारण चूल विझली की लोक म्हणतील, संपलं यांचं.

मग एके सकाळी थोरला घरात नव्हता.

अंथरूण घडी केलेलं, चपला नाहीत. दुपार झाली, ऊन कलायला लागलं तेव्हा तो आला. चेहरा पिळून वाळत घातलेल्या फडक्यासारखा. हात धुतले, ताटावर बसला, घास हातात घेतला आणि तसाच ठेवला.

"कुठे होतास?"

त्याने ताट बाजूला सरकवलं.

"अरे, विचारतेय मी. कुठे होतास?"

"विचारू नकोस, आई."

ती आणखी काही बोलणार होती. सुनेने तिच्या कोपराला हलकेच हात लावला. थोरला उठून रंगशाळेत गेला आणि सून खालच्या आवाजात म्हणाली, "भाऊजींना बोलावलं असणार. म्हणून तर सांगता येत नाही त्यांना."

"कळतंय मला. दूधपिती नाही मी."

"काही बोलले असतील का हो?"

 उत्तर रंगारीणबाईकडे तयार होतं, आणि तेच तिला भिववत होतं. तिच्या डोळ्यांसमोर थोरला उभा राहिला, जाळीपुढे, मान खाली, पुढे हात जोडलेले. कुणीतरी पडद्याआडून खाकरलं असेल आणि मेण वितळलं असेल. 

दुसऱ्या दिवशी तिला बोलावणं आलं.

जाळीची इमारत बाहेरून अगदी सोज्वळ. दारात कुंड्या, पायऱ्या धुतलेल्या. आत एक लांब बोळ, त्यात एक बाक, बाकासमोर कोरी भिंत. एका बाईने तिला बसवलं, केसांतला आकडा काढून घेतला, कमरेची चावी काढून घेतली. बाईच्या तोंडावर ना राग ना दया. रंगारीणबाईला राहवेना.

"तुझ्या घरी कळतं का गं, तू इथे काम करतेस ते?"

बाई म्हणाली, "बसा."

"बसलेच आहे. उभी राहून काय तुझी आरती करू?"

बाई निघून गेली. मग कितीतरी वेळ कुणीच आलं नाही. ही त्यांची रीत होती. माणसाला कोऱ्या भिंतीसमोर बसवायचं म्हणजे तो भिंतीवर स्वतःचेच गुन्हे वाचत बसतो. रंगारीणबाईने पहिल्यांदा गेलेल्या नवऱ्याच्या चुका आठवल्या, मग जावेच्या, मग शिंपिणीच्या. पण त्या संपल्या तशी भिंत पुन्हा कोरी झाली आणि तिच्यावर तपकिरी कोट दिसायला लागला. तिने डोळे मिटले.

मग आत बोलावलं.

खोली लहान, खिडकी नाही, छताला एक दिवा. समोर लाकडी जाळी, बोट जाईल एवढी भोकं, मागे पडदा. जाळीच्या खालच्या अंगाला एक आडवी फट आणि फटीतून आत गेलेली फळी.

"हात फळीवर ठेवा. पुढे, आत," जाळीमागून आवाज आला. पुरुषाचा, नीट विंचरलेला आवाज. "जबाब संपेपर्यंत काढायचे नाहीत."

तिने हात आत सरकवले. मनगटापासून पुढे तिचे हात पलीकडे, त्यांच्या खोलीत; ती अलीकडे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं. आत गारवा होता. कुणीतरी जवळून तिच्या बोटांवर श्वास सोडत पाहतंय असा भास झाला.

"तुमचा मुलगा इथे का आहे, ठाऊक आहे ना?"

"तुम्ही आणलात म्हणून आहे."

पलीकडे कागदावर लेखणी चालली आणि थांबली.

"नखांत तपकिरी कसला?"

 "रंगाऱ्याच्या नखांत काय लोणी असणार? तपकिरी आहे, निळा आहे, लाल आहे. नीट बघा, सगळे सापडतील."

"तपकिरी काय रंगवलंत?"

"पोती, गोधड्या, मास्तरांच्या विजारी. गावात निम्मी माणसं तपकिरी फिरतात, मळ दिसत नाही म्हणून."

"मुलाने काय केलं, ते सांगा."

ती थांबली. बोलायचं काय? थोडाच वेळ गेला असेल.

"साक्षीदार गप्प," दुसरा आवाज म्हणाला. हा जाडा, झोपाळू. "लिहा."

"गप्प कशाला?" ती एकदम म्हणाली. "आठवतेय. एक का दोन आहे? ऐकायचंय ना, ऐका मग. मला मध्ये तोडू नका, माझा धागा सुटतो."

आणि तिने तोंडाचा पट्टा सुरू केला. धाकटा लहानपणी दूध सांडायचा तिथपासून. तो उशिरा उठतो. चपला उंबऱ्यात काढतो, येणारा जाणारा अडखळतो. तुरटी मोजत नाही, मूठ मूठ टाकतो. आंघोळीला निम्मं पिंप लागतं. बायकोसमोर आईची नक्कल करतो आणि वाईट म्हणजे हुबेहूब करतो. लग्न स्वतः जमवलं, आईला शेवटी सांगितलं, तेही दारात उभं राहून, चहा पिऊ का विचारल्यासारखं. ती एकेक काढत गेली आणि लेखणी पलीकडे धावत राहिली, कारण जाळीपुढचा शब्द न् शब्द लिहायचा असतो. कुणाला ताकास तूर लागू द्यायची नसेल तर ताक एवढं घुसळावं की त्यात तूर पडली तरी दिसू नये. हातांना मुंग्या आल्या होत्या, मनगटं फळीच्या कडेवर दुखत होती, पण जीभ चालत होती. तिला क्षणभर वाटलं, निभावलं.

"पुरे," विंचरलेला आवाज म्हणाला. आवाज चिडला नव्हता. उलट मऊ झाला होता. "बाई, तुम्ही उगाच दमताय. आम्हाला सगळं ठाऊक आहे. तुमचा थोरला येऊन गेला."

विंचरलेला आवाज पुढे बोलत राहिला.

"चांगला मुलगा. सरळ. त्याने लपवलं नाही. कोणी सांगितलं, कोणी केलं, सगळं. आता तुमचा जबाब त्याच्याशी जुळला, तर धाकट्याला काही सवलत मिळेल. नाही जुळला, तर आई मुलाला वाचवायला खोटं बोलली, असं लिहावं लागेल. मग तिघंही."

तिला ते खरं वाटलं.

हे सांगून टाकलेलं बरं. तिला ते खरंच खरं वाटलं. कालचा त्याचा चेहरा, हातातला तसाच ठेवलेला घास, विचारू नकोस आई. मेण वितळलं होतं. आता लपवून काय राखायचं? आता एकच गोष्ट हातात होती. कोट आपण घेतला, आपण हुकूम दिला, पोराने फक्त आईचं ऐकलं, असं म्हणून ओझं आपल्या डोक्यावर घ्यावं. म्हातारीला काय करतील? वाक्य तिच्या घशातून वर आलं, जिभेवर आलं, आणि ती बोलायलाही लागली.

"धाकट्याचा काही दोष नाही हो. मीच त्याला..."

पलीकडे खुर्ची करकरली.

एकच नाही. दोन. झोपाळू आवाजवाला सरसावून बसला होता. तिच्या बोटांवर पुन्हा श्वास आला, या वेळी गरम, घाईचा. लेखणी दौतीत बुडवल्याचा टक् असा आवाज झाला. आणि रंगारीणबाई, जिने सारा जन्म बाजारात घासाघीस करण्यात घातला, तिला एकदम कळलं. पोट भरलेला माणूस ताटावर असा वाकत नाही.

"मीच त्याला लाडावून ठेवला," ती म्हणाली.

लेखणी थांबली.

"म्हणजे?"

"म्हणजे शेंडेफळ ना. थोरल्याला मारलं, याला मारलं नाही. त्याने जे काय केलं असेल ते माझ्या लाडाने. थोरल्याने हेच सांगितलं असेल तुम्हाला. त्याच्या मनात आहेच ते, लहानपणापासून."

 मग जाडा आवाज कुणाला तरी काहीतरी पुटपुटला. खुर्च्या मागे गेल्या.

"हात काढा."

हात काढले तेव्हा ते स्वतःचे वाटेनात. बोळात बसवणाऱ्या त्या बाईने चावी आणि आकडा परत दिला. रंगारीणबाईला केसांत आकडा लावता येईना, बोटं चालत नव्हती. बाईने काही न बोलता तो लावून दिला. 

घरी आल्यावर सुनेने दारातच तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. रंगारीणबाई म्हणाली, "भूक लागलीय." सुनेने वाढलं. थोरला रंगशाळेच्या दारात उभा राहून आईकडे बघत राहिला. तिनेही बघितलं. दोघंही आत जाऊन आलेली, दोघांच्याही तोंडाला एकच कुलूप. त्याने काही सांगितलेलं नाही हे तिला आता पक्कं कळलं होतं. पण तेवढंच नव्हतं कळलं. एका वाक्याच्या अर्ध्यापर्यंत आपण त्याला फितूर ठरवून मोकळ्या झालो होतो, हेही कळलं होतं.

आणखी काही दिवस गेले. किती, ते मोजायला कुणाचं डोकं ठिकाणावर होतं? आणि मग एका दुपारी धाकटा चालत घरी आला.

दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत गडद हिरवे. सून भिंतीला टेकली आणि तिथेच खाली बसली. इतके दिवस राखलेलं सगळं रडू तिला एकदम फुटलं. रंगारीणबाई पोराच्या अंगावरून हात फिरवत होती, कुठे मोडलंय का, कुठे सुजलंय का.

"काय केलं रे तुला? काय विचारलं?"

"काही नाही विचारलं."

"शपथ घातलीय का? बरं, नको सांगू."

"तसं नाही गं. खरंच काही विचारलं नाही." धाकटा खाली बसला. त्याला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही एकाच वेळी तोंडावर मावत नव्हतं. "पडदे, आई. त्यांच्या जाळीमागचे पडदे विटले होते. दिवा लावला की आतल्या माणसांच्या सावल्या बाहेर दिसायला लागल्या होत्या. मला तळघरात नेलं, कढई दिली आणि म्हणाले, हिरवे कर, गडद. सगळ्या खोल्यांचे. सगळे झाल्यावर सोडलं."



"पडदे?" सून म्हणाली.

"पडदे."

"मग इथे येऊन तसं सांगायला काय धाड भरली होती त्यांना?" रंगारीणबाईचा आवाज चढला. "पडदे रंगवायचेत, रंगारी पाठवा, संपलं!"

"ते कुणालाच काही सांगत नाहीत, आई. त्यांना ती सवयच नाही. आणि माणूस आत आला की त्याच्या घरच्यांना बोलवायचं, ही त्यांची रीतच आहे म्हणे. पडदेवाला असो की खुनी. चौकशी आपोआप सुरू होते. तळघरात पाणी आणून देणाऱ्याने सांगितलं. तो म्हणाला, देव करो, तुझ्या घरचे काही बोलू नयेत. बोलले तर हे पडदे तुझ्याच खटल्याला टांगतील."

त्या संध्याकाळी शिंपीण आली, हातात झाकलेलं ताट घेऊन, जणू कालच येऊन गेली होती. म्हणाली, "नशीबवान गं बाई तुम्ही! कुणी परत येत नाही तिथून." रंगारीणबाईने ताट घेतलं आणि दार लावून घेतलं. तोंडावर. तेवढं तिला अजून जमत होतं.

धाकटा झोपला. सून त्याच्या उशाशी बसून राहिली. रंगारीणबाई रंगशाळेत गेली. थोरला कढई घासत होता.

"तुलाही बोलावलं होतं," ती म्हणाली.

तो घासत राहिला.

"आता कसली शपथ? माणूस घरात आलाय. काय म्हणाले तुला?"

थोरल्याने एकदा दाराकडे पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "म्हणाले, तुझी आई आधीच येऊन सगळं सांगून गेली."

"मी? मला तर तुझ्यानंतर बोलावलं!"

"मला काय ठाऊक? मी पहाटेच बाहेर पडलो होतो. म्हटलं, माझ्यामागून तुला दुसऱ्या दाराने आणलं असेल."

"आणि तू मानलंस ते?"

"मानलं."

"मानलंस!"

"आई, चिडलीस की काय बोलतेस ते तुझं तुला तरी कळतं का? मला वाटलं, कुणीतरी तुला डिवचलं असेल आणि झालं असेल." तो रागाने बोलत नव्हता. हवा कशी आहे ते सांगावं तसं सांगत होता.

तिच्या कानांत रक्त तापलं. एरवी तिने कढई उचलून आपटली असती. "मग तू का नाही सांगितलंस? आईने सांगितलंच होतं तर?"

"तू सांगितलंस तर तुझं तुझ्यापाशी. मी कशाला सांगू?" त्याने कढई पालथी घातली. "तुला काय म्हणाले?"

"तेच. तुझं नाव घेऊन."

"आणि?"

खोटं बोलायला एवढी सोपी जागा तिला आयुष्यात मिळाली नव्हती. जाळी नव्हती, लेखणी नव्हती, हात आपल्याच अंगाशी होते.

"मानलं," ती म्हणाली. "मीही मानलं."

थोरल्याने मान डोलवली. जणू हेही त्याला ठाऊकच होतं, गुळाच्या वेळेपासून. फडकं झटकलं, दोरीवर टाकलं आणि तो तिच्या शेजारून घरात गेला.

जेवायला सगळी एकत्र बसली. धाकट्याचे हिरवे हात ताटात बघून सुनेला हसू फुटलं, धाकट्यालाही. थोरल्याने भाजीवर पुन्हा मीठ घेतलं. चाखायच्या आधीच, नेहमीसारखं. आणि नेहमी यावरून रंगारीणबाई त्याला चार तरी सुनवायची. तिने तोंड उघडलं. मग मिटलं.

थोरल्याने ते पाहिलं. घास हातातच राहिला.

"बोल ना गं," तो म्हणाला. "तू गप्प बसलीस की भीती वाटते."

तिने पुन्हा तोंड उघडलं. तिघंही तिच्याकडे बघत होते. आणि त्या बाईला, जिच्या जिभेने अख्ख्या गल्लीला घाम फुटायचा, मिठावरून काय बोलायचं असतं तेच आठवेना.